तीस तास हळू वाजवावा

मंगळवार, २८ डिसेंबर १९५४

आणला एकदाचा. बोटीवरून पडावात आणि पडावातून धक्क्यावर, स्पीकरचं खोकं माझ्या मांडीवरच आलं. पडावातला तांडेल म्हणत होता, "हमीदभाय, खाली ठेवा, पाय अवघडतील." ठेवलं नाही. अकरा वर्षं जहाजाच्या इंजिनाला तेल घातलं. त्या मानानं हे ओझं म्हणजे काहीच नाही.

सुरय्यानं दारातच स्वागत केलं. "दर्यावरनं घोव आला तर बायकोला बांगड्या आनतो. तुमी खोका आनलांव." बायको आहे, बोलणारच. लेक कनीज मात्र हात पुसून बसली आणि खिळे एकेक करून काढायला लागली. आत काय, तर काळ्या कागदाचं एक रुंद नरसाळं. बस. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मुंबईतल्या दुकानात हाच कागद अख्खा रस्ता दणाणून सोडत होता.

सोबत आणलेला ॲम्प्लिफायर, माईक आणि बॅटरी जोडली, तबकडी लावली, आवाज अगदी बारीक ठेवला. कनीजनं खोकं उताणं करून कागदावर चार तांदूळ टाकले. ढोलकीच्या थापेबरोबर तांदूळ उडायला लागले. समोर हात धरला तर तळहाताला वारा लागतो. मी इंजिनं पाहिली आहेत, तीन मजली, पण कागदाला श्वास घेताना पहिल्यांदाच पाहिला.

दुकानदारानं बजावलंय की नव्या कागदाला ताठा असतो. पहिले तीस तास हळू वाजवावा, मग आवाज खुलतो. महिन्यात पसंत पडला नाही तर जसा नेला तसा परत आणा. म्हणजे परत करायचाच झाला तर २७ जानेवारीची बोट गाठली पाहिजे.

बुधवार, २९ डिसेंबर

आज तीन तास वाजवला. ताठा आहे खरा. खर्ज कसा गुबगुबीत येतो, छातीला लागतो. पण बारीक आवाज येतच नाहीत. या तबकडीत झांजा आहेत. मला पाठ आहेत, जहाजावर आमच्या खोलीत हीच तबकडी होती. त्या जागेला आज नुसती शांतता. गाणाऱ्या बाईच्या शब्दांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या वाटतात.

तीनच तास झालेत म्हणा. सत्तावीस बाकी.

रविवार, २ जानेवारी १९५५

एकूण अकरा तास. झांजा नाहीत.

गंगाराम मेस्त्रीला बोलावलं. आमच्या घरामागं खाडीच्या काठावर तो होड्या बांधतो आणि लहानपणापासून माझा मित्र आहे. लाकूड तासायचा वाकस खांद्यावर घेऊनच आला, ऐकता ऐकता वाकस खाली ठेवला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. गाणं संपलं तरी उठेना. म्हणाला, "कागदाचा ह्यो? कागद बोलतो?" मी म्हटलं, कागदच. त्यानं दोन्ही हात कागदाकडं नेले आणि न शिवताच मागं घेतले.

मी विचारलं, "झांजा ऐकू येतात का रे?"

"येतात की. झ्याक येतात."

मित्र आहे, मन राखतो. शिवाय तीस वर्षं वाकस मारून त्याचे कान राहिलेत कुठे!

पण त्यानं एक गोष्ट लाखमोलाची सांगितली. "हमीदभाय, नवी होडी पान्यात टाकली की पयलं काय करते? गळते. आमी तिला चार दिस खाडीत बुडवून ठेवतो. फळ्या पानी पितात, फुगतात, सांधे मिटतात. मंग ती होडी. त्येच्या आदी नुसती लाकडं."

दुकानदारानं तीस तास का सांगितले ते मला या माणसाकडून समजलं. कंपनीतल्या साहेबानं सुद्धा असं सोपं करून सांगितलं नसतं.

बुधवार, ५ जानेवारी

शाळेत जाऊन आलो. हेडमास्तरांनी कबूल केलं. २६ जानेवारीला मुलींच्या शाळेच्या मैदानावर माझाच स्पीकर लागणार. सगळं गाव येईल. तिथं आवाज चांगला वाजला तर लग्नं, सभा, उरूस, सगळे माझ्याकडं येतील आणि मला दुसऱ्याची चाकरी शोधावी लागणार नाही. घसरला तर संपलं.

वर आणखी एक. नववीतर्फे कनीज बोलणार आहे. "आमचा समुद्र" हा विषय. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या मुलीची वाणी फार स्वच्छ आहे हो." मला बाप म्हणून मान डोलवावी लागली. पण खरं सांगायचं तर मला माहीतच नाही. ती नीट बोलायला लागली तेव्हा मी जहाजावर होतो. वाचायला शिकली तेव्हाही. तिचा आवाज मी रजेरजेनं ऐकला, आणि आता कायमचा घरी आलो तर पोर पुटपुटायला लागली आहे. आईवर गेली. सुरय्या तर हल्ली वाक्याची शेपूट गिळूनच टाकते.

मला ते भाषण या स्पीकरमधून अख्खं ऐकायचंय. एकही अक्षर न गळता. व्यवसाय वगैरे ठीक आहे, पण हे आधी. तीस तासांनी खुलला नाही तर २७ च्या बोटीनं परत. वाकडा आवाज गावाला ऐकवायचा नाही.

रविवार, ९ जानेवारी

बत्तीस तास झाले. झांजा नाहीत. आता दुकानदाराला काय म्हणावं?

दुपारी ट्रंक आवरताना कनीजला माझा कंपनीचा कागद सापडला. गेल्या महिन्यात डॉक्टरनं तपासलं होतं. छाती, डोळे, सगळं बघितलं. मग कानाशी एक लोखंडी चिमटा वाजवून विचारत होता, ऐकू येतं का म्हणून. मी अंदाजानं कधी हो म्हटलं, कधी नाही. चिमट्यावरून माणसाची परीक्षा! दुसऱ्या दिवशी हा इंग्रजी कागद हातावर ठेवून घरी पाठवलं. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना मी म्हातारा दिसलो.

मी विचारलं, "काय लिहिलाय गं?"

ती बराच वेळ वाचत होती. इंग्रजीचं दुसरंच वर्ष आहे तिचं. "कठीन शब्द हायत, बाबा. उद्या शाळंत नेऊ? तिथं मोठा कोश हाय."

अभ्यासाची आवड आहे. ने म्हटलं.

सोमवार, १० जानेवारी

कनीजला विचारलं, काय निघालं कागदात? म्हणाली, "घरी ऱ्हाऊन विश्रांती घ्या म्हनून लिवलाय." एवढंच होतं तर कोश कशाला हवा होता? मग माझ्याकडं बघत राहिली. जेवताना ती आणि सुरय्या एकमेकींकडं बघत होत्या. परीक्षेत कमी गुण पडले असावेत.

गुरुवार, १३ जानेवारी

चाळीस तास. काही नाही.

पोरीला नवीच खोड लागली आहे. बोलायचं झालं की समोर येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलते. मी बाहेर अंगणात, खळ्यात असलो तर आतून हाक मारत नाही, चालत येते. सुरय्याला म्हटलं, तिला रीत शिकव. सुरय्या नुसतीच हसली. हसली म्हणजे डोळे पुसले. चुलीचा धूर फार झालाय घरात.

यंदा पाखरंही कमी आहेत. पहाटे माडावर एकही चिवचिवत नाही. हवा बदलली असावी.

शुक्रवार, १४ जानेवारी

गंगाराम तिळगूळ घेऊन आला. त्याला म्हटलं, "तुझी होडी चार दिवसांत मिटते, माझा कागद बेचाळीस तासांत मिटला नाही." तो विचारात पडला. मग म्हणाला, "फळीला आमी नुसता पानी नाय पाजत. मोरीचा त्याल पाजतो. त्यालाशिवाय फळी ताठच ऱ्हानार."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कागद म्हणजे तरी काय, लाकडाचाच लगदा! आणि तेल घालण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत. गंगारामनं मोरी माशाच्या तेलाची बाटली आणली. कापसाचा बोळा बुडवून कागदाच्या कडेनं गोल, अगदी हलक्या हातानं फिरवला. बेअरिंगला घालतात तसा.

सुरय्या वासानं बाहेर आली. बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दुकानदारानं सांगितलेला काय? जसा नेला तसाच आना. आता ह्यो परत कोन घेतोय?"

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गंगाराम वाकस उचलून हळूच निघून गेला.

शनिवार, १५ जानेवारी

सकाळी स्पीकरसमोर पाच मांजरं बसलेली. शेजाऱ्यांचा बोका धरून. चादर टाकली तर चादरीवर चढली.

माझी झोप उडाली आहे. आता परतीची वाटही बंद. झक मारली आणि तेल लावलं.

बुधवार, १९ जानेवारी

खुलला!

कनीज म्हणाली, "बाबा, आज भाषन तुमच्यासमोर उभी राहून म्हनतंय." आजवर ती माजघरात माईक घेऊन बोलायची आणि मी ओटीवर स्पीकरपाशी बसायचो. आज स्पीकर माझ्या उजव्या हाताला आणि ती समोर, दोन हातांवर. तिनं हळूहळू सुरुवात केली. "समुद्र माझ्या बाबांना घेऊन जातो आणि परत आणतो." स, श, च, सगळं! एकेक अक्षर धुतल्यासारखं. स्पीकरमधून! कडा कुरतडलेल्या नाहीत, काही नाही. मी उठून खोक्याला हात लावला. सुरय्याकडं बघितलं, म्हटलं, तेल लागलं बघ! ती म्हणाली, "लागला हो." आणि आत गेली.

चौदा वर्षांची माझी मुलगी अशी बोलते. मला कुणी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार, हे सांगून कळण्यासारखं नाहीच. ती थांबल्यावर मी म्हटलं, पुन्हा. तिनं तीनदा म्हणून दाखवलं आणि तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लाज कसली?

गंगारामला बातमी दिली. तो म्हणाला, "मी सांगितलेला नाय?" आणि मांजरांना हाकलून स्पीकरला लांबून नमस्कार केला.

रविवार, २३ जानेवारी

एक कोडं आहे. भाषणाला आवाज खुलतो, पण तबकडीला नाही. झांजा अजूनही गायब. बहुधा तबकडी झिजली असावी. सुई बदलली, फरक नाही.

कनीज रोज समोर उभी राहून म्हणते. रोज अख्खं येतं.

मंगळवार, २५ जानेवारी

मैदानात आंब्याच्या फांदीवर स्पीकर चढवला. बॅटरी भरून आणली. हेडमास्तरांनी ॲम्प्लिफायर व्यासपीठाच्या कडेला, कनातीमागं ठेवायला सांगितलं, म्हणजे तारा कुणाच्या पायात येणार नाहीत. मी तिथंच बसणार, आंब्याच्या अगदी खाली. स्पीकर डोक्यावर. व्यासपीठ दिसत नाही, पण ऐकायला डोळे कशाला लागतात?

कनीजनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुमी पुढं बसा की. कनात नको." यंत्र सोडून मी पुढं कसा बसू? घाबरली असेल. हजार माणसं म्हणजे काय थोडी!

बुधवार, २६ जानेवारी

जे घडलं ते क्रमानं लिहितो. जहाजावर बिघाड झाला की वहीत असंच लिहायचं असतं.

हेडमास्तर बोलले. मला नुसता खर्ज आला, शब्द नाहीत. बाहेर टाळ्या पडल्या. मी म्हटलं, म्हातारा माणूस, पुटपुटतो. मग कनीज आली. पहिलं वाक्य आलं. कडा नव्हत्या. पहिल्या दिवसाचा आवाज. सगळं तेल, सगळे तास फुकट! मी कळ पिरगाळून आवाज वाढवला. कडा नाहीत. आणखी वाढवला.

कनातीच्या फटीतून मला पुढची माणसं दिसत होती. पोरांनी कानांवर हात ठेवले. मग बायकांनी. मग सगळ्यांनी. आंब्याखाली बसलेली दोन मांजरं पळाली. मला कळेना, एवढं काय झालं? गंगाराम गर्दीतून धावत आला, माझ्या हाताखालून हात घालून कळ खाली आणली.

"शिट्टी मारतोय तो! कान फुटतील लोकांचे!"

"कसली शिट्टी?" मी म्हटलं.

गंगाराम माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं. मग त्यानं मान खाली घातली. मला खरोखर काही ऐकू आलं नव्हतं.

तेवढ्यात कनात बाजूला झाली. कनीजनं स्वतः येऊन ती ओढली होती. माईकची काठी तिनं उचलली, वळवून ठेवली, आणि हजार माणसांकडं पाठ झाली तरी पर्वा न करता माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. पहिल्यापासून सुरुवात केली. "समुद्र माझ्या बाबांना घेऊन जातो."

आवाज आला. अख्खा. डोक्यावर स्पीकर तोच, कागद तोच, कळ तर उलट खाली.

मी डोळे मिटले. कडा गेल्या. उघडले, आल्या. पुन्हा मिटले, गेल्या. तीनदा करून बघितलं. एकदा कळलं तरी खात्री करून घ्यायची माझी सवय आहे. मग मात्र डोळे उघडे ठेवले आणि शेवटपर्यंत मिटले नाहीत. पोरीचे ओठ बघत होतो. मी ओठ ऐकत होतो. गेले आठ दिवस मी तिचे ओठच ऐकत होतो, आणि तेलाला शाबासकी देत होतो.

मला राग यायला हवा होता, भीती वाटायला हवी होती. खरंच सांगतो, तेव्हा दोन्ही नव्हतं. हे असं कसं होतं याचंच नवल वाटत होतं. डोळ्यांनी बघावं आणि कानांत आवाज उमटावा! कुणी हे यंत्र बांधलं? तीन मजली इंजिन त्यापुढं काहीच नाही.

घरी आल्यावर सुरय्यासमोर बसलो. विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

ती म्हणाली, "दोन वरसा झाली. गेल्या खेपेला रजेवर आलांव तवापासून. मागनं हाक मारली तर तुमी वळत नाय. पुढनं मारली तर वळतांव." मग म्हणाली, "मी म्हटला, दर्या कानात ऱ्हायलाय. उतरंल."

"आणि कागदात काय होतं?"

कनीजनं तो आणला आणि समोर उभी राहून एकेक शब्द मराठीत सांगितला. दोन्ही कान इंजिनाच्या आवाजानं गेलेत. बारीक आवाज परत यायचे नाहीत. इंजिनाच्या खोलीत पुन्हा पाठवू नये. तिनं न रडता सांगितलं. मग रडली.

स्पीकर पहिल्या दिवशी जसा होता तसाच आज आहे. त्याला ना ताठा होता, ना तो मुरला. गंगारामची होडी पाणी पीत असेल, हा कागद काही पीत नव्हता. झांजा पहिल्यापासून वाजत होत्या. पाखरंही माडावर आहेत, कनीजला विचारून खात्री केली.

गुरुवार, २७ जानेवारी

मुंबईची बोट गेली. धक्क्यावर जाऊन बघून आलो. खोकं घरीच आहे.

सकाळी हेडमास्तर आले. वाटलं, शिट्टीबद्दल बोलतील. पण म्हणाले, मुलगी कनात ओढून तुमच्याकडं वळली तेव्हा सगळं मैदान चिडीचूप झालं, असं भाषण शाळेत झालं नाही. पुढच्या महिन्यात पालकांची सभा आहे, स्पीकर पाहिजे. मी सरळ सांगितलं की मला ऐकू येत नाही. ते म्हणाले, "काल सगळ्या गावानं पाहिलं. वाजवणारं कुणी असलं की झालं."

वाजवणारी सुरय्या. तिनं स्वतःच सांगितलं. "कान माजे, हात तुमचे." गंगारामनं खडूनं कळीवर रेघ मारून दिली, हिच्यापुढं नाय म्हणून. इंजिनाच्या दाबाच्या काट्याखाली लाल रेघ असायची, तशीच. तेलाबद्दल त्यानं माफी मागितली. मी म्हटलं, मांजरांना विचार, त्यांचं भलं झालं.

दुपारी एक गोष्ट सुचली. पहिल्या दिवशी खोक्यासमोर हात धरला तेव्हा तळहाताला वारा लागला होता. चालत्या बेअरिंगवर तळहात टेकून आत काय चाललंय ते ओळखणं, एवढंच तर काम मी अकरा वर्षं केलं. कनीजला समोर बसवलं, डोळे मिटले आणि तळहात तिच्या ओठांपुढं धरला.

"स म्हण."

बारीक, गार, सुईच्या दोऱ्याएवढी वाऱ्याची रेघ तळहातावर आली. ऐकू काही आलं नाही. पण स तिथं होता. मी त्याला शोधत बेचाळीस तास वाजवले होते आणि तो माझ्या मुलीच्या तोंडात होता.

"आता श."

हा रुंद. जरा ऊबदार.

ती हसली असावी, कारण मध्येच वारा तुटक तुटक झाला. पुन्हा म्हण म्हटलं. ती म्हणत राहिली. मी डोळे उघडले नाहीत.